महांतेश मिस्त्रीचं बोंबलणारं मशीन

महांतेश मुगळी हा पॉलिशवाला. कोल्हापुरात कुणाचा जुना सागवानी पलंग काळवंडला, कुणाच्या देव्हाऱ्याची चकाकी गेली, कुणाच्या कपाटावर पोरांनी खिळ्यानं नावं कोरली, की माणसं त्याला फोन लावतात. फोन उचलते त्याची बायको पवित्रा. कामाच्या वेळी महांतेशला फोन ऐकू येत नाही आणि काम नसताना त्याला बोलायला आवडत नाही, म्हणून लोकांना नंबरच तिचा देऊन ठेवलेला. फुलेवाडीत घराला लागून त्याची पत्र्याची शेड आहे. शेडच्या दाराशी एक्सएल मोपेड, आणि आत भुश्यात उभा असलेला उंच, किडकिडीत महांतेश. त्याच्या भुवया लांबून पिकलेल्या दिसायच्या. तोंड धुतलं की काळ्या निघायच्या.

"आमच्या घरात बोलायचं काम माझ्याकडं हाय," असं पवित्रा शेजारणींना सांगायची. "त्यास्नी काय इचारलं तर नुसती मान हलवत्यात. व्हय का न्हाय ते आपुनच वळखायचं."

महांतेशचं सगळ्यांत लाडकं हत्यार म्हणजे त्याचा सँडर. पंजात धरायचं छोटं मशीन, खाली गोल पॅड, पॅडला काचपेपर चिकटवायचा. बटण दाबलं की पॅड थरथरत फिरतो आणि खरबरीत लाकूड बघता बघता तळहातासारखं मऊ होतं. त्याच्या उस्तादानं धंदा सोडताना हे मशीन त्याच्या हातात ठेवलं होतं. मूळचा रंग निळा होता म्हणे. आता वर्षानुवर्षांचा घाम आणि पॉलिश बसून ते गुळाच्या ढेपेसारखं दिसायचं. आणि त्याचा आवाज तर विचारू नका. मशीन सुरू झालं की शेडचे पत्रे थरथरायचे, शेजारच्या विठाबाई खिडकी लावून घ्यायच्या आणि पलीकडच्या गल्लीतली माणसं म्हणायची, "लागला मिस्त्री कामाला!"

ह्या आवाजावरच महांतेशचा खरा जीव होता, आणि त्याचं कारण त्यानं आजवर कुणालाही सांगितलेलं नव्हतं. पवित्रालासुद्धा नाही.

मशीन सुरू झालं की महांतेश गायचा.

गुणगुणायचा नव्हे, गायचा. मान वर करून, डोळे अर्धे मिटून, बेंबीच्या देठापासून. तोंडाला धुळीसाठी रुमाल बांधलेला असायचा, त्यामुळं ओठ हललेले कुणाला दिसायचे नाहीत, आणि मशीनच्या बोंबलण्यात ऐकू तर काहीच यायचं नाही. बटण बंद केलं की गाणंही बंद. रुमाल खाली, मान खाली, पुन्हा तोच मुका मिस्त्री.

गाण्याची ही खोड त्याला लागली कबनूरला. त्याआधी, लहान असताना, गडहिंग्लजकडच्या त्यांच्या गावात मठातल्या भजनाला तो आईबरोबर, चन्नम्मांबरोबर जायचा. एकदा रंगात येऊन मोठ्यानं गायला लागला, तर पेटीवाल्यानं पेटी थांबवली आणि सगळ्यांदेखत सांगितलं, "बाळा, तू टाळ वाजीव. त्वांड मिटून वाजीव." लोक हसले. वाईट मनानं हसले नसतील, पण महांतेशनं तोंड मिटलं ते मिटलंच. पुढं वयात आल्यावर तो कबनूरला यंत्रमागावर कामाला लागला. मागाच्या शेडमध्ये असा खडखडाट की शेजारच्या माणसाशी हातानं खुणा करून बोलायचं. पहिल्याच आठवड्यात महांतेशच्या ध्यानात आलं, की इथं आपण काहीही ओरडलो तरी जगात कुणाला कळणार नाही. त्यानं घाबरत घाबरत आईचं एक गाणं म्हणून बघितलं. कुणी वळूनसुद्धा बघितलं नाही. दुसऱ्या दिवशी जरा मोठ्यानं म्हटलं. महिन्याभरात तो पाळीच्या सुरुवातीपासून शेवटापर्यंत गात होता, आणि पाळी संपली की भोंग्याबरोबर त्याला उगाचच उदास वाटायचं.

मग मालकानं माग विकले, माणसं पांगली आणि महांतेश कोल्हापुरात पॉलिशच्या कामाला आला. पहिले काही महिने काम शिकला खरा, पण घशात काहीतरी अडकल्यासारखं वाटत राहायचं. ज्या दिवशी उस्तादानं ते मशीन हातात दिलं आणि त्यानं बटण दाबलं, त्या दिवशी त्याला कबनूरची शेड परत मिळाली.

तर असं हे मशीन. ते बंद पडलं नागाळा पार्कात, मगदुमांच्या बंगल्यावर.

मगदूम म्हणजे मार्केट यार्डातले गुळाचे व्यापारी, जुनं जैन घराणं. घरचा कारभार अरुणावहिनींच्या हातात. बाई मनानं चांगल्या, पण आवाज असा की स्वयंपाकघरातून हाक मारली तर फाटकाबाहेरचा भाजीवाला थांबायचा. काम होतं झोपाळ्याचं. दिवाणखान्यातल्या झोपाळ्याची सागवानी फळी काळी पडली होती, ती घासून नव्यानं पॉलिश करायची. फळी दोन स्टुलांवर आडवी ठेवली होती, पितळी कड्या उतरवून घासायला दिल्या होत्या, आणि झोपाळ्याच्या खऱ्या मालकीणबाई, म्हणजे अरुणावहिनींच्या सासूबाई, कोपऱ्यातल्या प्लास्टिकच्या खुर्चीवर रुसून बसल्या होत्या. सगळे त्यांना आक्का म्हणायचे. आक्कांचा दिवस झोपाळ्यावर जायचा. चहा, पेपर, जप, डुलकी, सगळं झोपाळ्यावर. खुर्चीवर बसून त्यांचे पाय जमिनीला टेकत होते, आणि तेच त्यांना खपत नव्हतं.

"कधी हुतंय रं तुझं?" त्या विचारायच्या.

महांतेश मान हलवायचा आणि बटण दाबायचा.

त्या दिवशी फळीची एक बाजू संपत आली होती. मशीन भरात होतं, महांतेशही भरात होता. आईचं तेच आवडतं गाणं चाललेलं, वरच्या पट्टीत चढायची जागा आली, त्यानं छाती भरून श्वास घेतला, सूर सोडला, आणि नेमक्या त्याच क्षणी मशीनमधून एक निळी ठिणगी उडाली, जळकट वास आला आणि मशीन बंद पडलं.

सूर मात्र चालूच राहिला. एक पळभर, पण सगळ्या बंगल्यात घुमला.

महांतेशनं तोंड मिटलं तोपर्यंत उशीर झाला होता. आत काहीतरी भांडं पडलं आणि अरुणावहिनी उलथनं घेऊनच धावत आल्या.

"कोण वरडलं? काय झालं? मिस्त्री, शॉक बसला काय?"

महांतेशनं हातातल्या धुरकट मशीनकडं बघितलं. त्याला आयती वाट सापडली. "व्हय वैनी," तो म्हणाला. "बसला जरासा."

"अगं बाई! बसा, बसा खाली! हात लावू नका कशाला!" वहिनींनी मेन स्विच बंद केला, पंखे थांबले, फ्रीज थांबला, वरच्या मजल्यावर कुणीतरी लाईट गेली म्हणून ओरडलं. महांतेशला सोफ्यावर बसवून गुळाचं पाणी पाजलं, वर लाडू दिला. गुळाच्या व्यापाऱ्याचं घर, त्यांच्याकडं सगळ्या दुखण्यावर गूळच. महांतेश मुकाट्यानं लाडू खात होता आणि त्याचे कान लालबुंद झाले होते. आक्का खुर्चीतून त्याच्याकडं टक लावून बघत होत्या.

घरी आल्यावर त्यानं शॉकचीच गोष्ट सांगत मशीन पवित्रासमोर ठेवलं. तिनं वास घेतला आणि तिचा चेहरा खुलला.

"मेलं एकदाचं," ती म्हणाली. "उद्या चला लक्ष्मीपुरीत. नवं घिऊ."

दुसऱ्या दिवशी ती स्वतः त्याच्या मागं एक्सएलवर बसून आली. लक्ष्मीपुरीत अनेकांत चौगुलेचं हत्यारांचं दुकान आहे. अनेकांत तरुण आणि उत्साही. गिऱ्हाइकाच्या हातात वस्तू दिल्याशिवाय त्याला चैन पडायचं नाही. त्यानं काचेच्या कपाटातून एक नवाकोरा सँडर काढला, वायरीशिवायचा, बॅटरीवर चालणारा, आणि महांतेशच्या पंजात ठेवला.

"चालू करा, काका."

महांतेशनं बटण दाबलं. मशीननं मधमाशीसारखा हलकासा गुंजारव केला.

"झालं चालू?" महांतेशनं विचारलं.

"चालूच हाय की!" अनेकांत फुशारून म्हणाला. "हेच तर खास हाय ह्याचं. आवाजच न्हाय! शेजारी लहान पोर झोपलेलं असू द्या, जागं व्हायचं न्हाय."

महांतेशनं मशीन एका लाकडाच्या तुकड्यावर फिरवलं. काम सुरेख करत होतं. वजनाला हलकं, धूळ पिशवीत ओढून घेणारं. त्यानं बटण बंद केलं आणि मशीन काउंटरवर ठेवून दिलं.

"नगं."

पवित्रानं कपाळाला हात लावला. "आता ह्यात काय वाईट हाय?"

"हाताला बसत न्हाय."

"बघू." पवित्रानं मशीन स्वतःच्या हातात घेतलं, चालू केलं, लाकडावर फिरवलं. "माझ्या हाताला बसतंय. तुमच्या हाताला का बसत न्हाय? माझ्यापेक्षा तुमचा हात येगळा हाय व्हय?"

"दुसरं दाखवू?" अनेकांतनं विचारलं.

"ह्याच्यापेक्षा जरा आवाज करणारं हाय का?" महांतेश हळूच म्हणाला.

अनेकांतला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. पवित्राला वाटलं कालच्या शॉकनं डोक्यावर परिणाम झालाय. कुणी काही बोलायच्या आत महांतेश दुकानाच्या पायऱ्या उतरून गाडीपाशी जाऊन उभा राहिला होता.

पवित्राला घरी सोडून तो तडक उद्यमनगरात गेला. तिथं जळालेल्या मोटारींना नवी तार भरून देणारी दुकानं बरीच, पण त्याला कुणीतरी रोहिणीचं नाव सांगितलं होतं. वडिलांच्या पाठीमागं दुकान तीच चालवते. मिक्सर, ग्राइंडर, पाण्याचे पंप, जे जळेल ते तिच्याकडं येतं. महांतेश पोचला तेव्हा ती स्टुलावर बसून तांब्याची तार गुंडाळत होती. तिनं मशीन हातात घेतलं, उलटंपालटं केलं, स्क्रू काढले आणि टोपण उघडलं. आतून मूठभर भुसा टेबलावर सांडला.

"पावणं," ती म्हणाली, "ह्यात मशीन कुठं हाय?"

तिनं हवा मारून आतलं साफ केलं. मग एकेक गोष्ट उजेडात धरून बघायला लागली. मोटारीतलं तारेचं गुंडाळं, म्हणजे आर्मेचर, जळालं होतं. बेरिंग इतकं झिजलं होतं की बोटानं फिरवलं तरी करकरत होतं. आतला थंड हवेचा छोटा पंखा, त्याचं एक पातं कधीतरी तुटून गेलेलं होतं.

"हे तुटक्या पंख्यावर चालत हुतं? अवं, हे चालताना नुसतं बोंबलत असंल!"

"लई बोंबलायचं," महांतेश म्हणाला. त्याच्या आवाजात अभिमान होता, पण तो तिच्या लक्षात आला नाही.

"हुईल. भरून देते. चार दिसांनी या."

महांतेश निघाला, पायरीवर घुटमळला आणि परत आला. "फकस्त एक करा. जसं हुतं तसं करून द्या."

"जसं हुतं तसंच करून देते," रोहिणी म्हणाली. तिला बरं वाटलं. जुन्या मशीनवर एवढा जीव असलेलं गिऱ्हाईक बऱ्याच दिवसांनी आलं होतं. तिनं मनाशी ठरवलं की हे मशीन कारखान्यातून बाहेर पडलं तेव्हा जसं होतं अगदी तसं करायचं. आर्मेचर स्वतः भरलं. बेरिंग नवं बसवलं. पंखा कुठं मिळेना, तर दुसऱ्या एका मोडक्या मशीनमधला काढून, घासून, तोलून बसवला. कार्बनचे ब्रश नवे टाकले, आणि शेवटी रॉकेलच्या फडक्यानं वरचा थर पुसून काढला. आत खरंच निळा रंग होता.

महांतेश आला तेव्हा तिनं मोठ्या थाटात बटण दाबलं. मशीन गुंगुं करत फिरायला लागलं. अनेकांतच्या दुकानातल्या नव्या मशीनइतकं गप्प नव्हतं, पण बाजूला कुणी शिंकलं तर ऐकू आलं असतं.

महांतेशचा चेहरा उतरला.

"पावणं, त्वांड का पाडलंय? चालतंय की झकास!"

"आवाज कुठं गेला?"

"आवाज घालवलाच की मी! तेच तर काम केलंय."

महांतेशनं इकडंतिकडं बघितलं. दुकानात दुसरं कुणी नव्हतं. "ते जुनं बेरिंग हाय का? आन् तो मोडका पंखा? परत बसवता आला तर..."

रोहिणीनं हातातला पाना खाली ठेवला. "जळलं ते त्या पंख्यामुळंच. आत वारा जात नव्हता, म्हणून वाइंडिंग तापून गेलं. तुटका पंखा बसवला तर महिन्यात परत जळंल, आन् मी परत हात लावायची न्हाय. तुम्हाला आवाजच पायजे असंल तर घरी मिक्सर लावून ठेवा शेजारी!"

खरं कारण सांगायचं म्हटलं तर जीभ उचलेना. त्यानं मशीन पिशवीत घातलं आणि मान हलवून निघाला. रोहिणी बराच वेळ त्याच्या पाठमोऱ्या गाडीकडं बघत राहिली.

मगदुमांच्या बंगल्यावर काम पुन्हा सुरू झालं, पण ते काम महांतेशचं वाटेना. मशीन चांगलं होतं, पेपर चांगला होता, लाकूड तर एक नंबर होतं. हात मात्र अडखळत होता. गाण्याबरोबर त्याचा हात आजवर लांब लांब फिरत आलेला. ओळ संपली की हात फळीच्या टोकाला, पुढची ओळ सुरू झाली की परत. आता ओळच नव्हती. हात मध्येच थांबायचा, एका जागी जास्त घासायचा, दुसरी जागा राहून जायची. दुपारी त्यानं फळीवरून तळहात फिरवला तर मधोमध एक खळगा लागला. इतक्या वर्षांत त्याच्या हातून असं कधी झालं नव्हतं. तो फळीकडं बघत नुसता उभा राहिला.

"आज गप का रं?" आक्का म्हणाल्या.

महांतेश दचकला. "मी कवा बोलतो, आक्का?"

"बोलायचं न्हाय म्हणत मी. गायचं म्हणतीया."

आक्का खुर्चीत पुढं वाकल्या. "त्या दिवशी शॉक बिक काय बसला न्हवता तुला. शॉक बसल्यालं माणूस सुरात वरडतं व्हय? आन् रुमालाखाली तुझं गाल हलताना मी पहिल्या दिसापासनं बघतीया. मला वाटलं पान खातोस."

"आक्का, वैनीस्नी सांगू नगा."

"सांगती की! न्हायतर म्हण."

"नगं आक्का. माझा गळा चांगला न्हाय."

"अरु..." आक्कांनी हाक मारायला सुरुवात केली.

महांतेशनं घाईघाईनं बटण दाबलं, रुमाल वर ओढला आणि गायला लागला. आधी अगदी खालच्या आवाजात, तोंडातल्या तोंडात. मशीनचं गुंगुं आणि त्याचं गुणगुणणं एकमेकांत मिसळत होतं. त्यानं डोळे मिटले. हात फळीवरून लांब गेला, परत आला. दुसऱ्या कडव्याला तो विसरला की मशीन आता गप्प आहे. तिसऱ्या कडव्याला त्यानं छाती भरून श्वास घेतला आणि आवाज सोडला.

हा आवाज मागाच्या खडखडाटात वाढलेला. त्याला हळू म्हणजे काय हे ठाऊकच नव्हतं. काचेच्या कपाटातल्या बश्या थरथरल्या. अरुणावहिनी पुन्हा धावत आल्या, ह्या वेळी हातात, शॉक बसलेल्याला वायरीपासून सोडवायला, लाकडी काठी होती, आणि दारातच थबकल्या. मिस्त्री डोळे मिटून, फळीवर लयीत हात फिरवत, सगळा बंगला दणाणून टाकत गात होता आणि सासूबाई खुर्चीच्या हातावर ताल धरून बसल्या होत्या.

सूर सगळे जागच्या जागी होते असं नाही. वर चढताना एकदोन ठिकाणी तो घसरायचा, पण अशा जोरात घसरायचा की ऐकणाऱ्याला तेच बरोबर वाटावं. गाणं कानडी होतं. आक्कांचं माहेर कर्नाटकातल्या सदलग्याचं, त्यांच्या लहानपणी घरात कानडीच बोलत. गाणं संपत आलं तसा त्यांचा ताल अचानक थांबला.

"थांब, थांब! काय म्हणालास ते?"

महांतेशनं डोळे उघडले. दारात वहिनी बघितल्यावर त्याला पळून जावंसं वाटलं, पण आक्कांचा हात त्याच्याकडं रोखलेला होता.

"मल्लिगे," तो चाचरत म्हणाला.

"मल्लिगे न्हवं रं! मल्लिगे म्हंजे मोगरा. पाळण्याच्या गाण्यात मोगरा कशाला येतोय? ते मेल्लगे हाय. मेल्लगे! म्हंजे हळू. आई वाऱ्याला सांगतीया, बाळ झोपलंय, हळू ये!"

अरुणावहिनींना हसू फुटलं. त्या दाराच्या चौकटीला धरून हसत होत्या. "अगं बाई! हळू ये म्हणायचं गाणं, आन् मिस्त्री ह्या आवाजात..." पुढचं त्यांना बोलता येईना.

महांतेशला आधी लाज वाटली. मग त्याच्या डोळ्यांसमोर कबनूरची शेड आली, तिथला खडखडाट आला, आणि त्यात इतकी वर्षं घसा फोडून मोगऱ्याला बोलावणारा तो स्वतः आला. त्यालाही हसू आवरेना. तोंडावरचा रुमाल काढून तो हसला. मगदुमांच्या घरातल्या कुणीही त्याचे दात तोवर बघितले नव्हते.

त्या दिवसापासून काम भराभर झालं. आक्का शब्द दुरुस्त करायच्या, महांतेश गायचा, हात पुन्हा लांब लांब फिरायला लागला. मधला खळगा भरून निघणं शक्य नव्हतं, पण त्यानं सगळी फळीच त्या बेतानं हलक्या हातानं उतरवत आणली, आणि बसायच्या जागी एक गुळगुळीत, हलकासा खोलगटपणा ठेवून दिला. आक्कांनी बसून बघितलं आणि सांगितलं, "हे तसंच ऱ्हाऊ दे. बरं बसायला येतंय."

झोपाळा टांगायच्या दिवशी अरुणावहिनींनी पवित्राला जेवायला बोलावलं. तिला कारण कळेना. पॉलिशच्या कामावर मिस्त्रीच्या बायकोला जेवायला कोण बोलावतं? ती इरकलीचं लुगडं नेसून, ओटी भरायला खण-नारळ घेऊन रिक्षानं आली. फाटकात पाय ठेवला तोच आतून गाण्याचा आवाज आला. वाळलेल्या पॉलिशवर शेवटचा हलका हात मारायचा म्हणून महांतेशनं मशीन लावलेलं होतं. पवित्रा पायऱ्यांपाशी थांबली. आवाज ओळखीचा होता, पण कुणाचा ते कळेना. चार पायऱ्या चढून ती दारात आली आणि तिच्या हातातला नारळ सुटून गडगडत दिवाणखान्यात गेला.

महांतेशनं बटण बंद केलं. गाणंही बंद.

"हे कवापासनं?" पवित्रानं विचारलं.

"कबनूरपासनं."

"आन् मला सांगिटलं न्हाईसा?"

महांतेशनं मान हलवली. व्हय का नाही, ते ह्या वेळी तिलाही ओळखता आलं नाही.

"इतकी वर्सं भाकऱ्या थापताना ऐकतीया मी," पवित्रा म्हणाली, तिचा आवाज चढत होता, "आन् मला वाटायचं मशीनच तसं वरडतंय! मी शेजारणीला सांगिटलं, आमचं मशीन कधीकधी रडल्यागत करतंय म्हणून!"

अरुणावहिनी पुन्हा दाराची चौकट धरून हसायला लागल्या. पवित्राला हसावं की रागवावं कळेना. ती सोफ्यावर टेकली आणि म्हणाली, "आता थांबलासा का? पुरं करा की."

पुरं करणं सोपं नव्हतं. झोपाळा टांगला गेला, पितळी कड्या लखलखल्या, आक्का फळीवर बसल्या, पाय जमिनीवरून सुटले आणि त्यांचा रुसवाही सुटला. सगळे गोल करून बसले, "आता म्हण," असं आक्कांनी सांगितलं, आणि महांतेश उभा राहिला तो राहिलाच. घरात एकदम शांतता. रिकामे हात कुठं ठेवावेत ते त्याला कळेना. त्याला मठातला पेटीवाला आठवला.

पवित्रानं त्याच्याकडं बघितलं. मग ती उठली, भिंतीशी ठेवलेलं मशीन उचललं, त्याचा काचपेपर ओढून काढला, वायर लावली आणि मशीन त्याच्या हातात दिलं.

"धरा. आन् म्हणा."

महांतेशनं बटण दाबलं. हवेतच पॅड फिरायला लागला, गुंगुं करत. त्यानं डोळे मिटले आणि गायला सुरुवात केली. ह्या वेळी त्यानं तो शब्द बरोबर म्हटला आणि आवाजही थोडा खाली घेतला, निदान त्याला तरी तसं वाटलं. वरच्या मजल्यावरची माणसं खाली आली. आक्का पायानं रेटा देत झोके घेत होत्या आणि मधूनमधून एखादी ओळ त्याच्याबरोबर ओढत होत्या. पवित्रा ऐकत होती. तिला कानडी गाण्यातलं सगळं कळत नव्हतं, तिचं माहेर मराठी मुलखातलं, मुरगूडचं. पण आपल्या सासूबाईंना, चन्नम्मांना, दळताना हे म्हणताना तिनं ऐकलं होतं, आणि ते गाणं आपल्या घरात रोज चालू होतं हे तिला आजच कळत होतं. तिनं पदरानं डोळे टिपले आणि लगेच शेजारी बसलेल्या अरुणावहिनींना सांगितलं, "भुसा गेला डोळ्यात."

नंतर महांतेश एकदा मुद्दाम उद्यमनगरात गेला आणि रोहिणीला खरं कारण सांगून आला. ती इतकी हसली की तिच्या हातातली तार उलगडून गेली. मग तिनं त्याला दुकानातच उभं करून, पंपाची मोटार चालू करून, एक गाणं म्हणायला लावलं. शेजारचे दोन दुकानदार बघायला आले.

आता महांतेश गातो, पण अजूनही मशीन चालू असल्याशिवाय नाही. विठाबाई खिडकी उघडी ठेवतात आणि एखाद्या दिवशी काम नसलं तर कुंपणावरून विचारतात, "आज सुट्टी व्हय?" मागच्या आठवड्यात राजारामपुरीतल्या एका बाईंचा पवित्राला फोन आला. दाराचं पॉलिश करायचं होतं. सगळं बोलून झाल्यावर त्यांनी जरा संकोचून विचारलं, "ते मिस्त्री गाणंपण म्हणत्यात, म्हणं?"

"म्हणत्यात की," पवित्रा म्हणाली. "दार किती झडपांचं हाय?"

"एकाच झडपेचं."

"मग एकच गाणं हुईल," पवित्रानं सांगितलं, आणि कामाचा वार ठरवून टाकला.